मध्यम खिशात रेकॉर्ड प्लेअर: मराठवाड्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक करून फोनवर येतात, तेही रविवारी सकाळी. कधी वसमतहून, कधी उदगीरहून, कधी अंबडहून. घरात रेकॉर्डचा गठ्ठा आहे, वाजवायला काही नाही, आणि मुंबईतल्या दुकानदाराने सांगितलेला आकडा घरात उच्चारायची सोय नाही. खालची उत्तरं ४० हजारांच्या आसपासचं बजेट धरून दिली आहेत.

४० हजारांत खरंच काही धड होतं का?

होतं. फक्त पैसा कुठे घालायचा ते आधी ठरवायला हवं. रेकॉर्ड वाजते तेव्हा सगळा खेळ हिऱ्याच्या एका बारीक टोकावर चाललेला असतो. ते टोक खोबणीत सरळ बसलं, बेताच्या वजनाने बसलं आणि रेकॉर्ड बरोबर वेगाने फिरली, की पुढचा ॲम्प साधा असला तरी गाणं गाण्यासारखं वाजतं. तिथेच गफलत असेल तर लाखाचे स्पीकर ती गफलत मोठ्याने ऐकवतात, एवढंच. म्हणून निम्मा पैसा टर्नटेबल (रेकॉर्ड फिरवणारं यंत्र) आणि कार्ट्रिजला (सुई बसवलेला, तिची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा छोटा भाग), उरलेल्यातला बराचसा स्पीकरला, आणि दोन-अडीच हजार साफसफाईच्या सामानाला बाजूला काढा. वायरींवर एक रुपयाही जास्तीचा घालू नका.

सगळ्यात सोपी जोडणी म्हणजे ऑडिओ-टेक्निकाचा एलपी६०एक्स किंवा त्या वर्गातला टर्नटेबल, आणि ॲम्प पोटातच असलेले एडिफायरसारखे स्पीकर. दोन वायरी जोडल्या की काम झालं, आणि बजेटमधले चांगले पैसे उरतात. मात्र एलपी६०एक्सच्या हाताचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचं, वजन कारखान्यातच ठरलेलं असतं. त्यावर सुई बदलता येते, पूर्ण कार्ट्रिज नाही. शिवाय तो मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे या दोनच वेगांना फिरतो.

ज्याला यात थोडं शिरायचं आहे त्याने मागे वजन लावता येणारा हात आणि काढता येणारा हेडशेल (कार्ट्रिज बसवायचं हाताचं पुढचं टोक) असलेलाच टर्नटेबल घ्यावा. ऑडिओ-टेक्निकाचाच एलपी१२०एक्स असा आहे. तो ७८ लाही फिरतो, त्यामुळे जुन्या तबकड्या असलेल्या घराला तोच उपयोगाचा. पण तो घेतला की बजेटचा मोठा लचका जातो. मग स्पीकर आणि ॲम्प जुने बघावे लागतात. सोनोडाइन, कॉस्मिक यांचे जुने ॲम्प अजूनही कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडलेले असतात. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. स्पीकर पुढेमागे कधीही बदलता येतात, झिजलेली रेकॉर्ड परत येत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत रेकॉर्ड निघाल्या. त्या कुठल्या प्रकारच्या, हे कसं ओळखायचं?

आधी हातात घ्या. जड, टणक, अजिबात न वाकणारी आणि पडली तर कौलासारखी फुटणारी, ती ७८ ची. ती लाखेपासून केलेली असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावतात. जुन्या गवयांनी अख्खा राग तेवढ्यात बसवला, आणि काहींनी तर शेवटच्या दोन सेकंदांत स्वतःचं नावही सांगून घेतलं.

बारा इंची, हलकी, थोडी लवचिक असेल ती एलपी. मिनिटाला ३३ आणि एक-तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. सात इंची असेल ती बहुतेक ४५ ची ईपी. एलपी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली, ४५ ची रेकॉर्ड आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये. पण आपल्याकडे ७८ ची तबकडी १९६०च्या दशकातही निघत होती. त्यामुळे 'गाणं अमुक सालचं, म्हणजे एलपीच असणार' असा हिशेब चालत नाही. लेबल वाचा, त्यावर बहुधा वेग छापलेला असतो. एचएमव्हीच्या एलपीवर ईसीएलपी असा क्रमांक असेल तर ती मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ.

आपल्या भागात ट्रंक उघडली की नाट्यपदांच्या शेजारीच उर्दू लेबलाच्या कव्वाल्या आणि नात (पैगंबरांची स्तुतिगीतं) निघतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, तेव्हा त्यात नवल नाही. त्या 'आपल्याला वाचता येत नाहीत' म्हणून भंगारात घालू नका. शेजारी कुणी उर्दू वाचणारं नक्की असतं.

रेकॉर्ड कितपत जिवंत आहे हे बघायचं तर खिडकीशी न्या आणि उजेडात तिरकी धरा. धूळ आणि बोटांचे डाग धुऊन निघतात. ओरखडा नखाला लागला तर तो टकटक वाजणार. पण काळी चमक जाऊन खोबणीच राखाडी दिसायला लागली असेल, तर जड सुईने ती खरवडलेली आहे. त्यावर इलाज नाही.

चार-पाच हजारांत सूटकेससारखा प्लेअर मिळतो, स्पीकरसकट. तो का नको?

दिसायला देखणा असतो, मान्य. पण बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते रेकॉर्डवर ४ ते ६ ग्रॅम वजन टाकतं. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला २ ग्रॅम पुरतात. मागे वजन कमी-जास्त करायची सोय नाही, ताटली रेकॉर्डपेक्षा लहान, आणि स्पीकर त्याच डब्यात. स्पीकर थरथरला की सुईही थरथरते. आवाज वाढवला की सुई उडते, म्हणून लोक हातावर नाणं चिकटवतात. नवी रेकॉर्ड आज दोन-तीन हजारांना पडते, ती असल्या डब्यावर वाजवण्यात काय अर्थ आहे? ते चार हजार तसेच ठेवा, पुढच्या दिवाळीपर्यंत त्यात भर घाला.

आणि पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन?

शोभेसाठी घ्यायचा तर घ्या. पर्यटकांच्या बाजारात मिळणारे बहुतेक जुन्या-नव्या भागांची मोट बांधून केलेले असतात. खरा चावीचा ग्रामोफोन असेल तर त्यावर फक्त ७८ वाजवा, आणि लोखंडी पिन प्रत्येक बाजूला नवी लावा. त्यावर एलपी ठेवलीत तर पहिल्याच फेरीत तिची वाट लागेल.

घरी जुना एचएमव्ही फिएस्टा आहे. तो चालू करून घ्यावा का?

घ्यावा, पण ७८ साठी. असल्या प्लेअरच्या सुईला बहुधा दोन तोंडं असतात, एक ७८ साठी आणि दुसरं एलपीसाठी. छोटी दांडी फिरवली की तोंड बदलतं. गावातला जुना रेडिओ-टीव्ही मेकॅनिक तो चालू करू शकतो. कपॅसिटर बदलायचे, रबर टणक झालेलं असतं ते बदलायचं, व्हॉल्यूमचा खरखरणारा कंट्रोल साफ करायचा. त्याला फक्त एक बजावून सांगा, की सुई नवीन मिळेपर्यंत रेकॉर्ड लावून बघू नको. झिजलेली सुई छिन्नीसारखी धारदार होते आणि तुमचीच तबकडी टेस्टिंगला वापरली जाते.

फोनो, फोनो म्हणतात ते नेमकं काय? ॲम्प आहे, मग आणखी डबा कशाला?

मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढा सिग्नल निघतो. सीडी प्लेअरमधून दोन व्होल्टच्या आसपास निघतो. म्हणजे शेकडो पटींचा फरक. तो भरून काढणं हे फोनोचं, म्हणजे कार्ट्रिज आणि ॲम्पच्या मधल्या छोट्या सर्किटचं, एक काम.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. बास आहे तसा कोरला तर खोबणी एवढी रुंद होईल की बाजूला पाच-सात मिनिटंच मावतील. म्हणून रेकॉर्ड कापतानाच बास दाबतात आणि ट्रेबल उचलतात. वाजवताना याच्या बरोबर उलट करायचं. किती दाबायचं, किती उचलायचं याचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे, त्याला आरआयएए म्हणतात. फोनो ते उलटं गणित करतो. २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबलनी बास वर आणतो आणि वरच्या टोकाला तेवढाच ट्रेबल खाली.

यावरून दोन तक्रारी लगेच ओळखता येतात. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा बारीक आणि दूरचा येतोय? मग मध्ये फोनो नाहीच. आवाज फाटतोय, बास नुसता घुमतोय? मग टर्नटेबलमधला फोनो चालू आहे आणि वर ॲम्पच्या फोनो जागेतच पिन खोचली आहे, म्हणजे तेच काम दोनदा होतंय. टर्नटेबलच्या मागे 'फोनो' आणि 'लाइन' असं छोटं बटण असतं, ते बघा. फोनवर सांगून सुटणाऱ्या तक्रारींत हीच सगळ्यात जास्त.

जुन्या ॲम्पच्या मागे फोनोची जागा असेल तर वेगळा डबा लागत नाही. सिरॅमिक कार्ट्रिजवाला प्लेअर मात्र तिथे जोडू नका, त्याला ऑक्स, म्हणजे साध्या सिग्नलची जागा, हवी.

बेल्ट ड्राइव्ह चांगला की डायरेक्ट?

बेल्टमध्ये मोटर रबरी पट्ट्याने ताटली फिरवते, डायरेक्टमध्ये थेट. या बजेटमध्ये दोन्ही चांगले. बेल्ट दर काही वर्षांनी बदलावा लागतो आणि आपल्या उन्हाळ्यात तो लवकर सैल पडतो. फरक एवढाच.

जपानहून आलेले जुने टर्नटेबल स्वस्तात मिळतात. घ्यावेत का?

माल उत्तम असतो, पण मागची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेजचा प्रश्न मिटतो, पण खरी मेख पुढे आहे. जुन्या बेल्टवाल्या बऱ्याच यंत्रांतल्या मोटरचा वेग व्होल्टेजवर नसतो, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांवर) असतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, जपानच्या अर्ध्या भागातही ६०, आपल्याकडे ५०. ६० ची पुली (मोटरच्या टोकाचं, पट्टा फिरवणारं चाक) असलेली मोटर इथे एक-षष्ठांश हळू फिरते आणि ३३ चे फेरे २८ च्याही खाली येतात. काळी पाचमध्ये गाणारी बाई पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज जरा भारदस्त आहे! स्टेप-डाउनने हे सुधारत नाही, ५० हर्ट्झची पुलीच लागते. क्वार्ट्झ लॉक (स्फटिकाच्या आधारे वेग धरून ठेवणारी सोय) असलेल्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण नाही.

वेग तपासायला स्ट्रोबची चकती कागदावर छापून मिळते. त्यावर ५० आणि ६० हर्ट्झची वेगवेगळी वर्तुळं असतात, आपण ५० चं बघायचं. ३३ साठी त्यात १८० रेघा असतात. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. चांगल्या एलईडी दिव्याखाली हा प्रयोग फसतो. जुना पिवळा बल्ब किंवा चोकवाली ट्यूबलाइट लागते.

सुईचं वजन घरी लावता येतं का, की माणूस बोलवावा लागतो?

माणूस बोलवायचा तर तो पुण्याहून किंवा हैदराबादहून येणार. त्यापेक्षा शिकून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

टर्नटेबल बंद ठेवा. अँटीस्केटचं (हात आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून असलेलं) बटण शून्यावर. सुईचं टोपण काढा आणि हात स्टँडवरून सोडवून, बोटाचा आधार देत, मोकळा करा. मागचं गोल वजन पुढे-मागे फिरवत राहा. एक क्षण असा येतो की हात ना खाली जातो ना वर, आडवा तरंगत राहतो. पंखा बंद करा, नाहीतर हा क्षण सापडत नाही. आता हात स्टँडवर ठेवून अडकवा आणि वजन न हलवता फक्त आकड्यांची कडी फिरवून शून्य वर आणा. मग वजन आणि कडी मिळून पुढे फिरवा, २ वर थांबा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला १.८ ते २.२ ग्रॅम चालतात, ऑर्टोफोनच्या २एम रेडला १.८. शेवटी अँटीस्केटही त्याच आकड्यावर.

कडीवरचा आकडा अंदाजाचा असतो. खात्री हवी तर सराफाकडे असतो तसला शंभरांश ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या, काही शेकड्यांत मिळतो. पण काट्याची ताटली लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा उंचवटा म्हणून ठेवा, काटा शून्य करा आणि मगच सुई टेकवा. शक्य तितकं रेकॉर्डच्याच उंचीवर मोजा.

कमी वजन म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा गैरसमज आहे. वजन कमी पडलं की सुई खोबणीत आपटत जाते, त्याने जास्त नुकसान होतं. सांगितलेल्या मापाच्या मध्यावर किंवा थोडं वर राहा.

टर्नटेबल ठेवायचा कुठे?

स्पीकर ज्या टेबलावर आहेत त्यावर सोडून कुठेही. स्पीकरची थरथर टेबलातून सुईपर्यंत पोचते आणि व्हॉल्यूम वाढवला की घूं असा आवाज चढत जातो.

जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. दोन-दोन हात जाडीच्या भिंतीतला कोनाडा ही टर्नटेबलची सर्वोत्तम जागा आहे. कुणी चाललं, दार आपटलं, तरी तिथे काही हलत नाही. मोजून मात्र घ्या. साधारण ४५ सेंटिमीटर रुंदी आणि ३७ खोली लागते, शिवाय झाकण वर उघडायला मोकळी उंची. आणि वरून माती गळत असेल तर आधी छताचा बंदोबस्त करा.

स्लॅबच्या घरात कपाटावर ठेवायचा असेल तर खाली शहाबादी फरशीचा जाडसा तुकडा टाका, त्याच्याखाली रबराची चार बुडं. फरशीवाल्याकडे असे तुकडे पडूनच असतात. परदेशी मासिकं ज्याला आयसोलेशन बेस म्हणून हजारो रुपये लावतात तेच काम हा तुकडा करतो. स्पिरिट लेव्हल ठेवून चारही दिशांनी सपाट आहे का ते बघा. गवंड्याची चालते.

सारखा हमिंगचा आवाज येतो. अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टर्नटेबलमधून ऑडिओच्या वायरीसोबत एक बारीक सुटी वायर येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली. ती ॲम्प किंवा फोनोच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट बसवा. दहातल्या आठ तक्रारी इथेच मिटतात. ऑडिओची वायर ॲडॉप्टर आणि स्टॅबिलायझरपासून लांब ठेवली की आणखी एखादी.

उरलेली तक्रार घराच्या अर्थिंगची. जुन्या घरांत भिंतीतलं तिसरं भोक नुसतं नावाला असतं, मागे वायरच नसते. आणि असेल तरी एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क पडतो. माती कोरडी झाली की ती वीज वाहून नेत नाही. वायरमनला विचारा, तोही हेच सांगेल: उन्हाळ्यात खड्ड्यात आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी ओता. टँकरच्या दिवसांत हे सांगताना जिवावर येतं, पण धुण्याचं पाणी चालतं. हमिंग घालवायला प्लगची अर्थ पिन मोडणारे महाभाग भेटतात. तसं अजिबात करू नका, शॉक बसतो.

आमच्याकडे व्होल्टेज सारखं वर-खाली होतं. टर्नटेबल टिकेल का?

नव्या टर्नटेबलला फारसा धोका नाही. त्यातले बरेचसे ॲडॉप्टरवर चालतात आणि ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्ट सहज पचवतो. जुन्या ॲम्पला मात्र स्टॅबिलायझर हवा. गाणं चालू असताना तो टक् टक् करतो, ते सोसायचं.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमधून भुणभुण येणारच, आणि जुन्या एसी मोटरलाही तो मानवत नाही. साइन वेव्हचा असेल तर खुशाल ऐका. मृगाच्या आधीचे वळवाचे पाऊस सुरू झाले, आभाळात कडकडाट सुरू झाला, की बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढून ठेवा.

रेकॉर्ड धुवायच्या कशाने? नळाचं पाणी चालेल?

बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती, ते गिझरची कॉइल आणि कूलरच्या जाळ्या बघून सांगायची गरज नाही. तेच पांढरं किटण खोबणीत वाळून बसतं आणि सुई त्यावरून जाते. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, तो आणा. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस्स. मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, फिरवा. लेबल कोरडं ठेवा. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुऊन भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवा, सावलीत, दार लावून.

७८ च्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, काचा पुसायचं लिक्विड यातलं काही लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरवाले पॉलिश तसंच करतात, हे आठवलं तरी पुरे. चमक यावी म्हणून खोबरेल चोळलेली एलपीसुद्धा मी पाहिली आहे. त्या तेलात धूळ अशी रुतून बसते की चार धुण्यांतही निघत नाही.

रोजच्यासाठी कार्बन फायबरचा ब्रश पुरतो, वाजवण्याआधी एक फेरी. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते, मार्चनंतर वारं सुटलं की बंद कपाटातही शिरते, तेव्हा आळस नको. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत रेकॉर्ड कव्हरमधून काढताना चटचट आवाज येतो, ते स्थिर विजेमुळे. ब्रशने तेही कमी होतं. कूलरच्या झोतात मात्र रेकॉर्ड नकोच, त्या तुषारांबरोबर क्षारही उडतात.

उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकतात म्हणे?

एलपी व्हायनिलची, ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. मे महिन्यात परभणीत बाहेर ४३-४४ असताना पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या गाडीत काय होत असेल याचा अंदाज करा. खालच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, सगळ्या उभ्या ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या दबतात. कपाट लाकडी असेल तर वाळवीकडे लक्ष ठेवा, तिला कव्हरचा पुठ्ठा फार आवडतो.

सुई किती दिवस चालते?

दिवस नाही, तास मोजा. ऑडिओ-टेक्निकाच्या हिशेबाने गोल टोकाची सुई ५०० तास, लंबगोल टोकाची ३०० तास, आणि महागडी मायक्रोलिनिअर १००० तास. रोज एक एलपी ऐकणाऱ्याची लंबगोल सुई साधारण वर्षभर जाते. कॅलेंडरवर रेघ ओढत चला. 'स' आणि 'श' चरचरायला लागले, विशेषतः रेकॉर्डच्या आतल्या टोकाकडच्या गाण्यात, तर वेळ झालेली आहे.

मग ७८ साठी वेगळं काय लागतं?

७८ फिरणारा टर्नटेबल आणि ७८ ची सुई, दोन्ही. एलपीची सुई टोकाला साधारण १८ मायक्रॉन, ७८ ची ७५ च्या आसपास. एलपीची सुई त्या रुंद खोबणीच्या तळाशी लोळते, सगळी खरखर गोळा करते आणि स्वतःही झिजते. व्हीएम९५ मालिकेची सोय अशी की कार्ट्रिज तेच ठेवून पुढची सुई ओढून काढायची आणि ७८ ची बसवायची. सुई बदलली की वजनही बदला, ७८ च्या सुईला जास्त लागतं. आरआयएएच्या आधीच्या तबकड्या वेगळ्या मापाने कापलेल्या असतात. त्यामुळे आवाज घोगरा वाटला तर टोनची बटणं फिरवायला लाजू नका.

रेकॉर्ड विकत कुठे मिळतात?

मराठवाड्यात त्या दुकानांपेक्षा घरांमधूनच निघतात. वाडा पाडायला काढला, कुणी मुलाकडे पुण्याला राहायला गेलं, की गठ्ठा बाहेर येतो. त्याखेरीज पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, हैदराबादचा जुम्मेरात बाजार. नांदेडकरांना हैदराबाद जवळ.

एक मोठा साठा लग्नाच्या लाउडस्पीकरवाल्यांकडचा असतो. कव्हरवर ऑइल पेंटने साउंड सर्व्हिसचं नाव, लेबलवर बॉलपेनची फुली, म्हणजे वरातीत हेच गाणं लागायचं. किंमत फुकटात जमा, पण फुली असलेलं गाणं हटकून झिजलेलं. गंमत अशी की त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू कधीकधी कोरी करकरीत निघते, कारण तिला कुणी मागणीच केली नाही. असल्या गठ्ठ्यातून मी आधी दुसरी बाजूच बघतो.

ब्लूटूथवाला टर्नटेबल घेऊ का?

घ्या, त्याने रेकॉर्ड खराब होत नाही. पण वायरीची जागा मागे आहे ना, तेवढं बघून घ्या.

७८ च्या तबकड्या मोबाइलवर उतरवून ठेवता येतील का?

यूएसबी असलेला टर्नटेबल आणि ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, एवढ्यात होतं. फाइल एमपी३ मध्ये न करता फ्लॅकमध्ये (त्यात आवाजाचा काही भाग गळत नाही) ठेवा, नातेवाइकांना पाठवायला एमपी३ नंतर काढता येते. टर्नटेबल ७८ ला फिरत नसेल तर ७८ ची सुई लावून ४५ वर उतरवा आणि सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवा. ट्रेबल-बास थोडा हलतो, हाताने जुळवावा लागतो. खरखर घालवायचं फिल्टर जपून वापरा. जास्त दाबलं की तंबोऱ्याची जवारी आधी जाते, खरखर नंतर.

घरात ऐकायला हे सगळं ठीक. इंटरनेटवर टाकायचं असेल तर आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो, आणि गीत-संगीताचा हक्क वेगळा असतो, ते तपासा. फाइलला नाव देताना गाण्याच्या नावाआधी लेबलवरचा क्रमांक टाका आणि दोन्ही बाजूंच्या लेबलचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा.